साधने बदलल्यावर मागे राहणारी वाक्ये

माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्रसूचनांत रूपांतर करण्याचे काम एकटा कंपायलर करीत नाही. मूळ मजकुरात जोडफायलींचा मजकूर आणून बसवणारा प्रीप्रोसेसर, सी भाषेतील वाक्यांच्या यंत्रसूचना करणारा कंपायलर, हाताने लिहिलेले असेंब्ली भाषेतील तुकडे हाताळणारा असेंबलर, हे सारे तुकडे जोडून प्रत्येकाला मेमरीतील पत्ता नेमून देणारा लिंकर आणि शेवटी चिपमध्ये भरण्याजोगी हेक्स फाइल काढून देणारे साधन, अशी ही साखळी असते; तिला टूलचेन म्हणतात. ती संगणकावर कशी बसवावी, तिला कोणते पर्याय द्यावेत, तिने दिलेल्या कोणत्या वॉर्निंगकडे काणाडोळा चालेल आणि कोणत्या वॉर्निंगपाशी हातातले काम थांबवावे, हे सांगणारी पुस्तिका असे काम करणाऱ्या प्रत्येक कार्यालयात कधी ना कधी लिहिली जाते. साखळीतील एखादे साधन बदलले की पुस्तिका नव्याने लिहिण्याची जबाबदारी कोणाच्या तरी वाट्याला येते, आणि बहुतेकांना ती दोन दिवसांत उरकण्याजोगी किरकोळ दुरुस्ती वाटते. पडेगावातील एका लहान कार्यालयात हे काम करताना प्रस्तुत लेखकाला जे दिसले ते या समजुतीच्या नेमके उलट होते, आणि येथे त्याचाच विचार करावयाचा आहे.

पडेगाव हा छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेकडचा, छावणी ओलांडून दौलताबाद आणि वेरूळकडे निघालेल्या रस्त्यावरचा भाग. येथे मोठी सॉफ्टवेअर कंपनी शोधू गेल्यास सापडणार नाही; परंतु वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना लागणारी लहान नियंत्रक उपकरणे, म्हणजे एखाद्या मोटारीचा वेग राखणारे, तापमान मोजणारे किंवा वाहनातील एखादा दिवा वा पंप चालवणारे छापील सर्किटचे कार्ड, आणि त्या कार्डावरील चिपमध्ये कायम वसणारा प्रोग्राम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, अशी कामे करणारे मोजक्या माणसांचे गट या शहरात आहेत. अशा गटात पुस्तिकेचे वाचक दोन प्रकारचे असतात. एक, नुकताच पदविका किंवा पदवी घेऊन आलेला अभियंता, जो पहिल्याच दिवशी पुस्तिका उघडून तीत लिहिल्याप्रमाणे अक्षरशः एकेक पायरी करीत जातो. आणि दुसरा, वर्षानुवर्षे तेच काम करणारा जुना जाणकार, जो पुस्तिका उघडतच नाही, कारण ती त्याच्या डोक्यात असते. साधन बदलल्यावर या दुसऱ्या वाचकाच्या डोक्यातील पुस्तिका कागदावरच्या पुस्तिकेपेक्षाही उशिरा बदलते, ही गोष्ट काम सुरू करताना सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

येथे ज्या बदलाचा विचार आहे तो आर्म जातीच्या प्रोसेसरसाठीच्या कंपायलरचा. मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांच्या पिढ्या काइल या नावाशी परिचित आहेत. ८०५१ या जुन्या चिपसाठी सी भाषेचा कंपायलर देणारी ही कंपनी २००५ मध्ये आर्मने विकत घेतली, आणि पुढे आर्मचा स्वतःचा कंपायलर काइलच्या विकसन-संचातून घरोघरी पोहोचला. त्याची पाचवी मालिका, जिची आज्ञा 'आर्मसीसी' या नावाने ओळखली जाई, दीर्घकाळ वापरात राहिली. सहावी मालिका मात्र त्याच घराण्यातील पुढची पिढी नव्हती. ती एलएलव्हीएम या मुक्त प्रकल्पावर आणि त्यातील क्लँग या कंपायलरवर उभारलेली, म्हणजे पायापासून निराळी होती, आणि तिची आज्ञा 'आर्मक्लँग' अशी झाली. २०२२ मध्ये काइलच्या संचाची ५.३७ ही आवृत्ती आली तेव्हा पाचव्या मालिकेचा कंपायलर त्या संचातून वगळण्यात आला. तोवर ज्यांनी स्थलांतर लांबणीवर टाकले होते त्यांच्यापुढे, निदान नव्या कामांपुरता, दुसरा मार्ग उरला नाही.

अशा वेळी पहिला हात शोध-आणि-बदल या सोयीकडे जातो. पुस्तिकेत जेथे जेथे जुन्या आज्ञेचे नाव आहे तेथे नवे नाव घालावे, प्रोसेसर सांगणाऱ्या पर्यायाचे रूप बदलावे, लक्ष्य कोणते हे सांगणारा पर्याय नव्या साधनात सक्तीचा असल्याने तो प्रत्येक उदाहरणात जोडावा, पडद्याची चित्रे पुन्हा काढावीत, की काम झाले. हे करणे आवश्यकच असते, आणि त्यात अवघडही काही नसते, कारण यातील एखादी जागा निसटली तर साधन स्वतःच अडते, पडद्यावर तांबड्या अक्षरांत एरर येतो आणि वाचक पुस्तिका लिहिणाऱ्याकडे येऊन चूक दाखवतो. जे वाक्य चुकीचे ठरल्यावर मोडून पडते, त्याची काळजी फारशी करावी लागत नाही. खरी काळजी करावी लागते ती साधन बदलल्यावरही जे वाक्य बिनबोभाट चालत राहते, परंतु ज्याचा परिणाम आता निराळा होतो, अशा वाक्याची. आणि अशी वाक्ये शोध-आणि-बदलाच्या हाती कधीच लागत नाहीत, कारण त्यांत साधनाचे नाव नसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ऑप्टिमायझेशनच्या पातळीचे आहे. ऑप्टिमायझेशन म्हणजे कंपायलरने मूळ प्रोग्रामचा अर्थ कायम ठेवून यंत्रसूचना अधिक आटोपशीर किंवा अधिक वेगवान करणे. त्याच्या पातळ्या 'ओ०' पासून चढत्या क्रमाने मोजल्या जातात, आणि 'ओ०' म्हणजे जवळजवळ काहीही न आटोपता सरळ रूपांतर. जुना कंपायलर काहीच न सांगितल्यास 'ओ२' ही पातळी धरून चालत असे. नवा कंपायलर काहीच न सांगितल्यास 'ओ०' धरतो. आता समजा जुन्या पुस्तिकेत आज्ञेच्या ओळीवरून बिल्ड करण्याच्या प्रकरणात असे वाक्य आहे की, ऑप्टिमायझेशनसाठी वेगळा पर्याय देण्याची गरज नाही. हे वाक्य लिहिले गेले तेव्हा पूर्णपणे खरे होते. नव्या साधनासह ते जसेच्या तसे ठेवले तर एररही येत नाही आणि वॉर्निंगही येत नाही. बिल्ड यशस्वी होते. मात्र तयार झालेला प्रोग्राम आकाराने बराच मोठा आणि चालीने संथ असतो. ज्या कार्डावर एसटीएम३२ एफ१०३ सी८ सारखी, ६४ किलोबाइट फ्लॅश आणि २० किलोबाइट रॅम असलेली चिप आहे, आणि ज्याच्या प्रोग्रामने फ्लॅशचा बहुतेक भाग आधीच व्यापलेला आहे, तेथे हा फुगवटा मावत नाही आणि लिंकर जागा पुरत नसल्याची तक्रार करतो. ती तक्रार वाचणारा नवा अभियंता साहजिकच आपल्या प्रोग्राममध्ये दोष शोधू लागतो, कोठे एखादा मोठा ॲरे घोषित झाला आहे काय हे पाहतो, ग्रंथालयातील फंक्शने वगळतो, कारण पुस्तिकेने त्याला ऑप्टिमायझेशनविषयी निश्चिंत केलेले असते. जेथे फ्लॅश प्रशस्त आहे तेथे तर तक्रारही होत नाही, आणि संथ प्रोग्राम थेट चाचणीच्या टेबलावर जातो.

याच जातीचे, पण अधिक खोल रुतलेले वाक्य विलंबाच्या लूपविषयी असते. मायक्रोकंट्रोलरच्या कामात एखादी क्रिया थोडा वेळ थांबवून ठेवण्यासाठी पूर्वीपासून एक सोपी युक्ती वापरली जाते: एक चल शून्यापासून काही हजारांपर्यंत मोजत न्यायचा, आत काहीच करायचे नाही, आणि मोजण्यात गेलेला काळ हाच विलंब मानायचा. पुस्तिकांत अशा फंक्शनाखाली बहुधा एक टीप असते की, अमुक मेगाहर्ट्झवर इतके फेरे म्हणजे सुमारे एक मिलिसेकंद. वाचकाला वाटते की हा आकडा चिपचा गुणधर्म आहे. प्रत्यक्षात तो चिप, कंपायलर आणि ऑप्टिमायझेशनची पातळी या तिघांचा मिळून असतो. पातळी खाली आली की एका फेऱ्यातील सूचना वाढतात आणि विलंब लांबतो. पातळी वर नेली आणि चल 'व्होलाटाइल' म्हणून घोषित केलेला नसला, तर ज्याचा कोठेही उपयोग होत नाही असा हा लूप निरर्थक ठरवून नवा कंपायलर तो सरळ काढून टाकतो आणि विलंब नाहीसा होतो. व्होलाटाइल हा शब्द कंपायलरला एवढेच सांगतो की, या चलाला केलेला प्रत्येक स्पर्श खरा मानावा आणि त्यातील एकही गाळू नये. विलंब नाहीसा झाल्यावर अक्षरपट्टीचा पडदा कधी उजळतो, कधी उजळत नाही, कारण त्याला सुरुवातीच्या सूचनांमध्ये ठराविक उसंत लागते. आणि दोष वायरिंगचा, पडद्याचा की सोल्डरिंगचा, यावर चर्चा सुरू होते. म्हणून पुस्तिका बदलताना ती टीप नव्या आकड्याने सजवणे पुरेसे नव्हते. ते संपूर्ण प्रकरण काढून त्या जागी सिसटिक या प्रोसेसरमधील घड्याळाच्या आधारे विलंब कसा मोजावा हे लिहावे लागले, कारण चांगली पुस्तिका साधन बदलले तरी खरे राहील असे वाक्य निवडते, आणि जेथे तसे वाक्य शक्य नसते तेथे ते कोणत्या साधनाच्या भरवशावर उभे आहे हे त्याच ओळीत सांगते.

वॉर्निंगच्या कोष्टकाची गोष्ट थोडी निराळी. जुना कंपायलर प्रत्येक वॉर्निंगला क्रमांक देत असे. घोषित केलेला पण न वापरलेला चल दिसला की तो १७७ हा क्रमांक दाखवी, आणि ती वॉर्निंग दडपायची असल्यास तोच क्रमांक पर्याय म्हणून द्यावा लागे. वर्षानुवर्षांच्या वापरात अशा क्रमांकांचे एक कोष्टक तयार झाले होते: क्रमांक, अर्थ, दुर्लक्ष करावे की नाही, आणि शेवटच्या रकान्यात कारण. नवा कंपायलर क्रमांक वापरत नाही. तो वॉर्निंगला नाव देतो, आणि न वापरलेल्या चलासाठीचे नाव इंग्रजीत जसे बोलावे तसेच असते. वरवर पाहता क्रमांकाच्या रकान्यात नाव लिहिले की कोष्टक नवे व्हावे. पण जुन्या आणि नव्या कंपायलरची दृष्टी एकमेकांवर नेमकी बसत नाही. जुन्या कंपायलरने एका क्रमांकाखाली घातलेल्या गोष्टी नवा कंपायलर दोन-तीन नावांत वाटतो, जुन्याला कधी न दिसलेल्या काही गोष्टी त्याला दिसतात, आणि जुना ज्यांवर बोलत असे अशा काहींवर तो गप्प राहतो. कोष्टकाच्या शेवटच्या रकान्यातील कारणे वाचत गेल्यावर मात्र या सगळ्या खटाटोपाचे चीज झाल्यासारखे वाटते, कारण तेथे साधनाचा नव्हे, तर उत्पादनाचा इतिहास असतो: ही वॉर्निंग अमुक ग्रंथालयाच्या फायलीतून येते आणि ती फाइल आपण बदलायची नाही असे ठरले आहे, ही दडपू नये, कारण हिच्याआड एकदा खरा दोष लपला होता. असा मजकूर दुसऱ्या कोठेही लिहिलेला नसतो. साधन गेले म्हणून कोष्टक पुसणाऱ्याच्या हातून तोही पुसला जातो, आणि पुढच्या माणसाला ते ज्ञान पुन्हा त्याच वाटेने, त्याच किमतीला मिळवावे लागते.

लिंकरच्या प्रकरणात सर्वांना हायसे वाटले होते, कारण आर्मचा लिंकर सहाव्या मालिकेतही तोच राहिला. मेमरीची मांडणी सांगणारी फाइल, जिला स्कॅटर फाइल म्हणतात आणि जिच्यात प्रोग्रामचा कोणता भाग फ्लॅशमध्ये कोणत्या पत्त्यापासून बसेल आणि कोणता रॅममध्ये जाईल हे लिहिलेले असते, तीही तीच. तरी या फाइलीच्या पहिल्या ओळीत, एखाद्या शेऱ्यासारखी दिसणारी परंतु शेरा नसलेली, एक सूचना असू शकते: ही फाइल वाचण्यापूर्वी अमुक प्रीप्रोसेसरमधून काढावी. त्या ओळीत जुन्या कंपायलरचे नाव असते. साधन बदलताना सी भाषेच्या सर्व फायली तपासल्या जातात, बिल्डची आज्ञा तपासली जाते, पण ही ओळ डोळ्याआड राहते, कारण फाइल लिंकरची आहे आणि लिंकर तर बदललेला नाही. ज्या संगणकावर जुना कंपायलर अजून बसवलेला आहे तेथे ती ओळ निमूटपणे जुन्यालाच हाक मारते आणि सारे ठीक चालते. नव्या, कोऱ्या संगणकावर मात्र बिल्ड तेथेच थांबते. पुस्तिकेची तपासणी नेहमीच्या टेबलावरील संगणकावर करू नये, ती कोऱ्या संगणकावर किंवा कोऱ्या आभासी यंत्रावर करावी, हा नियम या कामातून निघाला, आणि आजवर तो एकदाही फुकट गेलेला नाही. असेंब्लीच्या तुकड्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. नव्या साधनाने ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची लेखनपद्धती स्वीकारली आहे, त्यामुळे लेबलानंतर अपूर्णविराम येतो, शेऱ्याचे चिन्ह बदलते, विभाग आणि बाहेर दिसणारी नावे सांगणाऱ्या सूचना बदलतात, आणि ज्याला जुन्या पद्धतीने लिहिण्याची सवय आहे त्याला ते नव्याने शिकावे लागते. हे कष्टाचे आहे, पण फसवे नाही.

वाचकाच्या मनात आधीपासून असलेली पुस्तिका हा विषय येथे पुन्हा घ्यावा लागतो, कारण महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने यांतून येणाऱ्या मुलामुलींच्या मनात ती फार ठळकपणे छापलेली असते. बोर्लंड कंपनीचा टर्बो सी १९८७ मध्ये आला आणि त्याचा टर्बो सी++ हा अवतार डॉस या कार्यप्रणालीच्या काळात लोकप्रिय झाला. डॉस गेल्यानंतरही तो डॉसबॉक्स या आभासी डॉसमध्ये चालवून प्रयोगशाळांत दीर्घकाळ शिकवला गेला. तो सोळा बिटांचा होता, म्हणून त्याच्यात पूर्णांकाचा 'इंट' हा प्रकार दोन बाइटांचा आणि त्याची मर्यादा उणे ३२७६८ ते ३२७६७ एवढी. प्रात्यक्षिकांच्या वह्यांत हे वाक्य सी भाषेचा नियम म्हणून उतरले आणि साधन बदलले तरी वह्यांतून हलले नाही. सी भाषेचे प्रमाण एवढेच सांगते की इंटने निदान इतकी मर्यादा सांभाळावी; आर्मच्या ३२ बिटी प्रोसेसरवर आणि आजच्या बहुतेक संगणकांवर तो चार बाइटांचा असतो. पडेगावच्या टेबलावर बसलेला नवा अभियंता संवेदकाकडून आलेली दोन बाइटांची संख्या वाचताना इंट वापरतो, तेव्हा उणे संख्यांचे चिन्ह हरवते आणि उणे दोन अंश तापमान साठ हजारांच्या वरचा आकडा होऊन पुढे येते. म्हणून पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत आकारमान नावातच सांगणारे, सोळा बिटी चिन्हांकित पूर्णांकासारखे प्रकार वापरण्याविषयी एक पान जोडले गेले. ते पान नव्या कंपायलरमुळे आवश्यक झालेले नाही. तीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका कंपायलरचे वाक्य अजून जिवंत असल्यामुळे ते लिहावे लागले.

मराठीतून कंपायलर शिकवण्याचा एक मोठा आणि आदराने नोंदवावा असा प्रयत्न मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने केला आहे. मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे दृक्श्राव्य पाठ तयार करून ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित करणारा हा प्रकल्प आहे, आणि सी व सी++ या मालिकेत उबंटू या कार्यप्रणालीवर जीसीसी हा कंपायलर वापरून पहिला प्रोग्राम लिहिणे, बिल्ड करणे आणि चालवणे हे सावकाश, पडद्यावर दाखवत शिकवले जाते. या पाठांची एक शिस्त अनुकरणीय आहे: पाठाच्या आरंभीच तो कोणत्या उबंटूवर आणि जीसीसीच्या कोणत्या आवृत्तीवर मुद्रित केला आहे हे सांगितले जाते, आणि सी मालिकेत ते उबंटू ११.१० व जीसीसी ४.६.१ असे सांगितलेले आहे. पुढे साधन कितीही बदलले तरी एवढ्या एका वाक्याने पाठ प्रामाणिक राहतो; ऐकणाऱ्याला आपल्या पडद्यावर काही निराळे दिसले तर फरकाचे कारण कोठे शोधावे हे कळते. मुद्रित आवाजात एखादे वाक्य बदलणे लिखित पानात बदलण्याइतके सोपे नसल्याने तेथे ही शिस्त अपरिहार्य ठरली असावी. लिखित पुस्तिकांनी मात्र, बदल सोपा आहे या विश्वासावर, आवृत्तीचा उल्लेख टाळण्याची सवय लावून घेतली आहे.

जीसीसीचा स्वतःचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला हा कंपायलर १९९७ मध्ये दुभंगला, ईजीसीएस नावाची शाखा वेगाने पुढे गेली, १९९९ मध्ये तीच अधिकृत मानली गेली, आणि मूळ ग्नू सी कंपायलर या नावाऐवजी अनेक भाषांचे कंपायलर एकत्र असल्याचे सुचवणारे ग्नू कंपायलर कलेक्शन हे नाव रूढ झाले. प्रकल्पाचे भांडार सीव्हीएस या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनावरून २००५ मध्ये सबव्हर्जनवर आणि जानेवारी २०२० मध्ये गिटवर गेले; प्रत्येक स्थलांतरासोबत, बदल कसा सादर करावा आणि जुनी आवृत्ती कशी मिळवावी हे सांगणारी पाने नव्याने लिहावी लागली. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, प्रत्येक मोठ्या आवृत्तीसोबत हा प्रकल्प स्थलांतराविषयी एक स्वतंत्र पान प्रसिद्ध करतो, आणि त्या पानावर नव्या सुविधांची जाहिरात नसते. आजवर बिनतक्रार बिल्ड होणारा कोणता प्रोग्राम आता अडेल आणि का, हेच तेथे असते. मे २०२४ मधील चौदाव्या आवृत्तीत, घोषित न केलेले फंक्शन वापरणे आणि प्रकार न सांगता चल किंवा फंक्शन लिहिणे या गोष्टी वॉर्निंगऐवजी एरर मानल्या जाऊ लागल्या. टर्बो सीच्या काळातील पडदा पुसणारे फंक्शन, योग्य जोडफाइल नसताना, पूर्वी निदान कंपायलरच्या पायरीतून वॉर्निंग देऊन पुढे जात असे, आता तेथेच थांबते. २०२५ मधील पंधराव्या आवृत्तीने काहीच न सांगितल्यास सी भाषेचे सी२३ हे प्रमाण धरण्यास सुरुवात केली, आणि रिकाम्या कंसांचा अर्थ 'प्राचले कोणती ते सांगितलेले नाही' असा न राहता 'एकही प्राचल नाही' असा झाला. काही न सांगितल्यास साधन काय धरते, हा प्रश्न येथेही मध्यभागी आहे. पडेगावच्या पुस्तिकेत अशा स्थलांतराच्या पानाची पद्धत उचलण्यात आली, आणि हे पान सर्वांत आधी लिहावे, बाकीची प्रकरणे मागाहून दुरुस्त करावीत, असा क्रम ठरला. कारण काय मोडले हे लिहायला बसल्याशिवाय कोणती प्रकरणे दुरुस्त करावयाची हेच कळत नाही.

जुना मजकूर काढावा की ठेवावा, यावर मतभेद होतात, आणि ते होणे स्वाभाविक आहे. काढून टाकणाऱ्यांचे म्हणणे असे की, दोन साधनांच्या सूचना एकाच पुस्तिकेत राहिल्या तर नवा माणूस गोंधळेल. परंतु वाहनांसाठी किंवा कारखान्यांसाठी दिलेले कार्ड दहा-दहा वर्षे सेवेत राहते, आणि त्यातील एखादा दोष दुरुस्त करावयाचा झाल्यास संपूर्ण प्रोग्राम नव्या कंपायलरने बिल्ड करून पुन्हा सर्व चाचण्या घेण्यापेक्षा, ज्या कंपायलरने तो मुळात बिल्ड झाला त्यानेच लहान बदल करणे अनेकदा सुरक्षित असते. म्हणजे जुने साधन नव्या कामातून गेलेले असले तरी जुन्या कामातून गेलेले नसते. सातबारा उताऱ्यावर जुन्या धारकाचे नाव खोडून नाहीसे करीत नाहीत, त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहितात, जेणेकरून जमीन कोणाकडून कोणाकडे आणि कोणत्या नोंदीने गेली हे वाचणाऱ्याला कळावे. पुस्तिकेतही तीच रीत योग्य ठरली. जुन्या कंपायलरचे प्रकरण वेगळे काढून त्यावर, ही पद्धत अमुक उत्पादनांच्या दुरुस्तीपुरतीच, असे ठळक लिहिले गेले, आणि नव्या प्रकरणातील प्रत्येक बदललेल्या वाक्यापाशी तो बदल कोणत्या तारखेला, कोणत्या आवृत्तीसाठी आणि कोणत्या चाचणीनंतर केला याची नोंद ठेवली गेली. हा काटेकोरपणा केवळ आवडीचा भाग नाही. वाहनउद्योगात सी भाषेच्या सुरक्षित वापरासाठी १९९८ पासून प्रसिद्ध होत आलेल्या मिस्रा मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१२ च्या आवृत्तीतील निर्देश १.१ असा आहे की, कंपायलरगणिक ज्याचा निर्णय निराळा असू शकतो अशा ज्या ज्या वर्तनावर प्रोग्रामचे उत्तर अवलंबून आहे, ते वर्तन नोंदलेले आणि समजून घेतलेले असावे. कंपायलर बदलला की ही नोंद त्या क्षणी जुनी होते. सी भाषेचे प्रमाणही असे वर्तन नोंदवून ठेवण्याची जबाबदारी कंपायलर बनवणाऱ्यावर टाकते. वापरणाऱ्याने ती नोंद वाचून, आपल्या प्रोग्रामला त्यातील काय लागू पडते हे ठरवावयाचे असते, आणि हे दुसरे काम दुसरे कोणी करून देत नाही.

एवढे असूनही पुस्तिका नव्याने लिहिण्याचे काम कार्यालयात सर्वांत नवख्या माणसाकडे सोपवण्याची पद्धत आहे, आणि त्यामागे नवख्याला त्यातून शिकायला मिळेल असा विचार असतो. तो अर्धाच बरोबर आहे. पायऱ्या करून पाहण्यासाठी नवखा माणूस सर्वोत्तम, कारण तो पुस्तिकेत नसलेली पायरी सवयीने भरून काढत नाही आणि म्हणून गाळलेली जागा त्याला ठेच लागूनच कळते. पण कोणते वाक्य बिनबोभाट चुकीचे झाले असेल हे त्याला ओळखता येणे शक्य नाही. त्यासाठी जुने साधन कसे वागत होते हे माहीत असलेला माणूस शेजारी बसावा लागतो. जुना जाणकार वाक्य वाचून दाखवतो आणि ते का लिहिले होते हे सांगतो, नवखा ते कोऱ्या संगणकावर चालवतो, तयार झालेल्या प्रोग्रामचा आकार आणि चाचणीचा निकाल दोघे मिळून पाहतात, आणि मगच ते वाक्य नव्या आवृत्तीत जाते: हा क्रम संथ आहे, आणि ग्राहकाच्या देयकात त्याची ओळ कोठेही दिसत नाही, परंतु जाणकाराच्या डोक्यातील पुस्तिका त्याच वेळी बदलते, हा त्याचा लाभ दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळालेला दिसला नाही. ज्यांनी असे एखादे प्रकरण एकत्र बसून तपासले, त्यांच्यात पुढे कोणत्याही बिल्डविषयी बोलताना 'आमच्याकडे चालते' हे उत्तर कमी ऐकू येऊ लागले आणि आवृत्ती विचारण्याची सवय वाढली.

उत्पादन कक्षासाठीचे सूचनापत्रक या सर्वांतून सुखरूप बाहेर पडले, कारण कार्डात हेक्स फाइल भरणाऱ्या कामगाराला कंपायलर कोणता याच्याशी कर्तव्य नसते. फाइल काढणारे साधन सहाव्या मालिकेतही तेच राहिले, आणि पत्रकावर फाइलीच्या नावात आवृत्ती कशी ओळखावी एवढीच एक ओळ मराठीत नव्याने घालावी लागली.

आता आर्मने पुढचा संच, आर्म टूलचेन फॉर एम्बेडेड या नावाने, २०२५ पासून पुढे आणला आहे. तोही एलएलव्हीएमवरच उभा आहे, त्यामुळे कंपायलरच्या प्रकरणात या वेळी फारसे हलणार नाही. पण त्यात आर्मच्या जुन्या लिंकरऐवजी एलएलव्हीएमचा एलएलडी हा लिंकर आणि आर्मच्या ग्रंथालयाऐवजी पिकोलिबसी हे ग्रंथालय आहे, आणि या लिंकरला स्कॅटर फाइल वाचता येत नाही. त्याला मेमरीची मांडणी ग्नू पद्धतीच्या लिंकर स्क्रिप्टमध्ये सांगावी लागते. मागील स्थलांतरात जे प्रकरण पहिल्या ओळीखेरीज शाबूत राहिले होते, तेच या वेळी मुळापासून लिहावे लागणार आहे. त्याची तयारी म्हणून पडेगावच्या त्या टेबलावर सध्या स्कॅटर फाइलीतील प्रत्येक ओळीसमोर ती का आहे याची नोंद करण्याचे काम चालू आहे: हा विभाग या पत्त्यावर का ठेवला, फ्लॅशच्या अखेरीस एवढी जागा रिकामी कोणासाठी सोडली, स्टॅकचा आकार कोणत्या चाचणीवरून ठरला, आणि ज्या ओळींची कारणे विचारण्यासाठी आता फक्त एकच माणूस उरला आहे, त्या ओळी आधी घेतल्या आहेत.